फिलामेंट एक्स्ट्रूडर किटची वायरिंग

प्लास्टिकचा दाणा किंवा भंगारातला चुरा वितळवून त्याची १.७५ किंवा २.८५ मिलिमीटर जाडीची तार, म्हणजे फिलामेंट, काढणारं जे छोटं मशीन, म्हणजे एक्स्ट्रूडर, थ्रीडी प्रिंटरवाले घरी जोडतात, त्यातल्या इलेक्ट्रिक भागाच्या जोडणीला उद्देशून ही नोंद आहे. मशीन म्हणजे हॉपर, बॅरल, आत फिरणारा स्क्रू (बऱ्याच जुन्या किट्समध्ये लाकडाला भोकं पाडायचा ऑगरच), पुढे नोझल, मागे गिअर मोटर, एवढंच. या मशीनचा स्वभाव ठरतो तो मात्र वायरिंगवर.

अशा किटचा उगम नक्की कुठे, यावर एकमत नाही. रेपरॅप हा स्वतःचे भाग छापू शकणाऱ्या खुल्या थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प २००५ मध्ये एड्रियन बॉयर यांनी इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात सुरू केला आणि प्रिंटर घरोघरी गेल्यावर फिलामेंट महाग पडतंय ही तक्रार आपसूक आली, इथपर्यंत कुणाचा वाद नाही. पुढे 'रिसायकलबॉट' हे टाकाऊ प्लास्टिकचं फिलामेंट करणाऱ्या मशीनचं नाव न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या कामाला, साधारण २०१० च्या आसपास, जोडलं जातं. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या बेक्लर, डेव्हुओनो आणि पिअर्स यांनी त्याच नावाच्या मशीनवरचा शोधनिबंध २०१३ मध्ये छापला. दुसरीकडे व्हरमाँटच्या टायलर मॅकनेनी यांचं फिलाबॉट २०१२ च्या सुरुवातीला लोकवर्गणीतून पुढे आलं. आणि ह्यू लायमन या तेव्हा ८३ वर्षांच्या निवृत्त गृहस्थांनी २५० डॉलरच्या आत सुट्या भागांत मशीन बसवून दाखवायची 'डेस्कटॉप फॅक्टरी' स्पर्धा २०१३ मध्ये जिंकली, बक्षीस ४० हजार डॉलर, आणि आराखडा सगळ्यांना खुला ठेवला. टिम एल्मोर यांचं फिलास्ट्रुडर हे किट साधारण याच सुमाराचं. कल्पनेचा मान रिसायकलबॉटला द्यायला हरकत नाही, पण आज घरगुती किटमध्ये जी वायरिंग दिसते, म्हणजे तयार पीआयडी कंट्रोलर (तापमान ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारा डबा), एक हीटर, एक थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) आणि कंट्रोलरच्या पूर्ण बाहेर चालणारी मोटर, ती प्रसिद्ध व्हायला लायमन यांचा खुला आराखडा जास्त कारणीभूत आहे असं मानणं योग्य वाटतं.

या जोडणीत दोन सर्किटं असतात आणि ती वेगळी ठेवायची असतात. एक तापमानाचं, दुसरं मोटरचं. मोटर साधारणपणे १२ व्होल्टची, एसएमपीएसवर (मुख्य विजेचं डीसी करणाऱ्या पॉवर सप्लायवर) चालणारी, मध्ये वेग कमीजास्त करायला पीडब्ल्यूएम रेग्युलेटर (वीज भराभर चालू-बंद करून वेग बदलणारा), त्यात फार सांगण्यासारखं नाही. गाडीच्या वायपरची मोटर वापरली असेल तर एवढंच बघायचं की अनेक वायपर मोटरमध्ये निगेटिव्ह थेट बॉडीला असतो, म्हणजे मशीनची सगळी फ्रेमच निगेटिव्ह होते, आणि उलटं फिरवायला वायर बदलल्या तर फ्रेमवर पॉझिटिव्ह येतो.

तापमानाच्या सर्किटात कंट्रोलर बहुतेक वेळा आरकेसी या जपानी कंपनीच्या रेक्स-सी१०० चा किंवा बाजारात त्याच नावाने मिळणाऱ्या नकलेचा असतो. त्याच्या मॉडेल नंबरातलं एक अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. नंबरात 'एम' असेल तर आउटपुट रिले आहे, 'व्ही' असेल तर एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवायला लागणारा डीसी व्होल्टेज आहे. एमवाला डबा आणून त्याच्या आउटपुटला एसएसआरचा इनपुट जोडला की कंट्रोलरवर दिवा लागतो, आतून टिक असा आवाज येतो आणि हीटर गारच राहतो, कारण रिलेचा संपर्क नुसता जुळतो, तो स्वतःचं व्होल्टेज देत नाही. नकलांमध्ये तर स्टिकर व्हीचं आणि आत रिले असंही आढळतं, म्हणून जोडायच्या आधी आउटपुटवर मल्टिमीटर लावून डीसी व्होल्टेज येतंय का ते पाहावं. टर्मिनलचे नंबर डब्याच्या बाजूला छापलेल्या चित्रावरून घ्यायचे, कुणाच्या फोटोवरून नाही, कारण नकलेनुसार ते बदलतात. कंट्रोलरमधला सायकल टाइम (चालू-बंदच्या एका फेरीचा वेळ) हा आकडाही बघावा लागतो, रिलेला २० सेकंद आणि एसएसआरला २ सेकंद ही मूळ सेटिंग असते, आणि एसएसआरवर २० सेकंद तसेच राहिले तर तापमान वरखाली झोके घेतं आणि तारेची जाडी त्याबरोबर बदलते.

आता एसएसआर. लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून हा भाग जरा लांबवून लिहिणं भाग आहे. बाजारात सर्रास मिळणारा एसएसआर 'डीए' जातीचा, म्हणजे इनपुटला ३ ते ३२ व्होल्ट डीसी आणि आउटपुटला एसी. त्याच्या आत थायरिस्टर किंवा ट्रायक हा अर्धवाहक स्विच असतो आणि तो एकदा चालू झाला की त्याच्यातून जाणारा प्रवाह शून्यावर आल्याशिवाय बंद होत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे २३० व्होल्टच्या बँड हीटरला (बॅरलभोवती पट्ट्यासारखा बसणाऱ्या) तो उत्तम चालतो. पण अनेक किटमध्ये हीटर १२ व्होल्ट डीसीचा असतो, आणि तिथे डीए लावला तर डीसी कधीच शून्यावर येत नाही, म्हणजे पहिल्यांदा चालू झालेला हीटर मग चालूच राहतो. कंट्रोलरवर आउटपुटचा दिवा विझलेला, आकडा मात्र २१०, २३०, २६० असा चढत चाललाय, हे चित्र ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. डीसी हीटरला 'डीडी' जातीचा, म्हणजे इनपुट आणि आउटपुट दोन्ही डीसीचा, एसएसआर किंवा सरळ मॉसफेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) हवा. १०० वॅटचा हीटर १२ व्होल्टवर सुमारे ८.३ अँपिअर घेतो, आणि आयआरएलझेड४४एन सारखा मॉसफेट पूर्ण उघडला तर एवढ्या प्रवाहाला त्यात जेमतेम दीड वॅट उष्णता होते, छोटी हीटसिंक पुरते. त्याच्या गेट आणि सोर्स या पायांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाकायला मात्र विसरू नये, नाहीतर कंट्रोलरची वायर निघाली की गेट अधांतरी राहतो आणि हीटर मनाला येईल तसा वागतो.

एसीवाला एसएसआरही उष्णता काढतो, अँपिअरमागे सव्वा-दीड वॅट तरी धरावी, म्हणून तो प्लास्टिकच्या डब्यात नुसता चिकटवू नये, खाली ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा हीटसिंक आणि मध्ये पेस्ट. शिवाय बंद असतानाही त्यातून थोडी गळती चालू असते, म्हणून हीटरची वायर सुटलेली असेल तर कंट्रोलरने आउटपुट बंद केलेलं असतानाही त्या टोकाला लावलेला टेस्टर पेटू शकतो. हात घालायचा तर प्लग काढूनच. आणि सगळ्यात गंभीर मुद्दा हा, की एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन, म्हणजे कायम चालू राहून. नामांकित कंपनीचा शिक्का मारलेले नकली एसएसआर तर लिहिलेल्या प्रवाहाच्या निम्म्यावरही टिकत नाहीत असं बऱ्याच तपासण्यांत दिसलंय. म्हणून कंट्रोलर कितीही चांगला असो, हीटरच्या फेजमध्ये बॅरलला टेकवून एक थर्मल कटऑफ (ठरलेल्या तापमानाला कायमचा तुटणारा फ्यूज) असलाच पाहिजे, एबीएस आणि पीएलए या प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकांसाठी साधारण २४० ते २६० अंशांचा. बऱ्याच किटमध्ये तो येत नाही, आणि तरीही तो ऐच्छिक समजू नये असं ठामपणे म्हणावं लागतं. तो सोल्डर करायचा नसतो, कारण सोल्डरच्या उष्णतेनेच आतली कांडी वितळते, त्याला क्रिंपच, म्हणजे दाबून बसवायचा जोडच, लागतो.

थर्मोकपल जवळपास नेहमी 'के' जातीचा, एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देणारा. इतक्या बारीक व्होल्टेजमुळे त्याच्या वायर मोटरच्या पीडब्ल्यूएम वायरच्या बरोबर बांधल्या की आकडा थरथरतो, त्यामुळे त्या पिळून आणि वेगळ्या वाटेने न्याव्यात. लांबी कमी पडली तर साध्या तांब्याच्या वायरने वाढवू नये, जोड जिथे असेल तिथल्या आणि कंट्रोलरजवळच्या तापमानातला जेवढा फरक, जवळपास तेवढीच चूक वाचनात येते; के जातीचीच एक्स्टेन्शन वायर मिळते, ती घ्यावी.

रंगांचा घोळ वेगळाच. अमेरिकन पद्धतीत पिवळा पॉझिटिव्ह आणि लाल निगेटिव्ह, आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवा पॉझिटिव्ह आणि पांढरा निगेटिव्ह, आणि स्वस्त चिनी थर्मोकपलवर बरेचदा लाल पॉझिटिव्ह, निळा निगेटिव्ह. लाल म्हणजे पॉझिटिव्ह असं गृहीत धरून अमेरिकन किट जोडलं की वायर उलट्या लागतात, बॅरल तापतंय तसा आकडा खाली जातो आणि कंट्रोलर आणखी जोर लावतो. तपासायला रंगांवर विसंबायची गरजच नाही, हीटर न जोडता थर्मोकपलचं टोक चिमटीत धरायचं, आकडा वर गेला तर बरोबर. नंतर उकळत्या पाण्यात बुडवून पाहिलं तर पुण्यात साधारण ९८ दिसायला हवेत, शंभर नव्हे, कारण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. टोक बॅरलमधल्या खाचेत स्क्रूने पक्कं बसलं पाहिजे. वायर तुटली तर कंट्रोलर ते ओळखतो आणि हीटर बंद करतो, पण टोक नुसतं निसटून बाहेर लोंबकळत राहिलं तर त्याला खोलीचं तापमान दिसतं आणि तो हीटर भरपूर चालवत राहतो, आणि अशा वेळीही वाचवतो तो कटऑफच.

मुख्य वीजजोडणी कोणत्याही वायरमनला ठाऊक असते. आपल्याकडे लवचिक केबलमध्ये तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थिंग. एसएसआर, फ्यूज आणि कटऑफ तिन्ही फेजमध्येच यावेत. अर्थिंगची वायर बॅरल आणि फ्रेमला वेगळ्या स्क्रूने, लग लावून, गंज आणि रंग खरवडून. हीटरजवळ साधी पीव्हीसी वायर चालत नाही, ती ७० अंशांचीच असते, म्हणून काचतंतूंची किंवा सिलिकॉनची वायर घ्यायची. टर्मिनलमध्ये जाणाऱ्या टोकांना सोल्डर लावू नये, स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि काही महिन्यांनी जोड ढिला होऊन तापतो, त्याऐवजी टोकांवर फेरूल (धातूच्या छोट्या नळ्या) दाबावेत. आर्द्र हवेत ठेवलेला नवा कार्ट्रिज हीटर (कांडीच्या आकाराचा) पहिल्यांदा चालू करताना आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) पाडू शकतो, त्यातली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओलावा ओढते. तो आधी कमी व्होल्टेजवर थोडा वेळ वाळवावा, आरसीसीबीच काढून टाकणं हा उपाय नव्हे.

मोटर आणि तापमान यांच्यात एक धागा जोडावा हा मुद्दा बहुतेक मार्गदर्शिकांत फक्त सूचना म्हणून येतो, वायरिंगमध्ये येत नाही. थंड बॅरलमध्ये दाणा भरलेला असताना मोटर फिरवली तर स्क्रू अडतो, मोटरचा प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट चढतो आणि मग रेग्युलेटर तरी जळतो किंवा गिअरचा दात तरी जातो. कंट्रोलरला अलार्मचा रिले असतो, तो 'इतक्या अंशांच्या वर' असा सेट करून त्यातून दुसरा एक १२ व्होल्टचा गाडीचा रिले चालवला की बॅरल तापल्याशिवाय मोटर फिरतच नाही. अलार्मच्या बारीक संपर्कातून मोटरचा प्रवाह सरळ नेऊ नये.

सगळं जोडल्यावर ऑटोट्यून (कंट्रोलरने आपली सेटिंग स्वतःच ठरवणं) एकदा चालवायचा, आणि तोही बॅरल रिकामा नसताना, वापरात असतो तसा. यामागची रिले पद्धत ऑस्ट्रॉम आणि हॅगलुंड यांनी १९८४ मध्ये मांडली, त्याच्या आधीचे झिगलर आणि निकोल्स यांचे पीआयडीचे आकडे ठरवायचे नियम १९४२ चे. कंट्रोलर काही वेळ मुद्दाम तापमान वरखाली हलवून त्या हेलकाव्यांवरून आपले आकडे काढतो, या वेळी ठरलेल्या तापमानाच्या वर आकडा जातो, तो दोष नसतो.

महाराष्ट्राशी याचा ठळक संबंध पुण्यातल्या प्रोटोप्रिंट या उपक्रमातून येतो. २०१२-१३ च्या सुमारास सुरू झालेल्या या कामात स्वच्छ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेसोबत जाड प्लास्टिकच्या बाटल्यांचं, म्हणजे एचडीपीईचं, फिलामेंट काढायचा प्रयत्न होता, वेचणाऱ्याच्या हातात भंगाराच्या भावापेक्षा जास्त पैसे यावेत म्हणून. एचडीपीई थंड होताना जास्त आकसतं, त्यामुळे तारेची जाडी सांभाळणं कठीण जातं, आणि इथे नोझलचं तापमान आणि स्क्रूचा वेग दोन्ही एका बिंदूवर स्थिर राहिले पाहिजेत, एक-दोन अंशांची सरकही तारेत दिसते.