टेम्प आणि टीएमपी: ऑटोएक्झेक.बॅटमधल्या दोन ओळी आल्या कुठून?

ऑटोएक्झेक.बॅट म्हणजे डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मशीन सुरू होताना आपोआप चालणारी कमांडची फाइल. तात्पुरत्या फायली कुठे ठेवायच्या, हे तिच्यातल्या ‘सेट टेम्प=’ आणि ‘सेट टीएमपी=’ या दोन ओळी प्रोग्रॅमना सांगतात. डिरेक्टरी, पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं ‘|’ चिन्ह) आणि नावाला मूल्य देणारी सेट कमांड ही तिन्ही १९८३ सालच्या डॉस २.० बरोबर आली. सुरुवातीच्या आवृत्त्यांत कमांड.कॉम (टाइप केलेल्या कमांड चालवणारा डॉसचा प्रोग्रॅम) पाइपच्या तात्पुरत्या फायली चालू ड्राइव्हच्या रूटमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या डिरेक्टरीत, लिहीत असे. त्यामुळे राइट-प्रोटेक्ट केलेल्या फ्लॉपीवर ‘डिर | सॉर्ट’ (फायलींची यादी क्रमाने लावणं) सुद्धा अडकायचं. १९९१ च्या ५.० आवृत्तीतला कमांड.कॉम मात्र त्यासाठी टेम्प व्हेरिएबल बघतो.

खरा गुंता नावाचा आहे. अशी व्हेरिएबल जिथे राहतात ते एन्व्हायर्नमेंट म्हणजे डॉसच्या लेखी नाव आणि मजकूर यांच्या जोड्यांची नुसती यादी. तात्पुरत्या फायलींसाठी कोणतं नाव वापरायचं, याचा नियम कुणीच घातला नाही. सी भाषेतला कोड प्रोग्रॅममध्ये बदलणारे कंपायलर आणि लिंकर टीएमपी शोधत, तर १६-बिट विंडोज आणि बरेचसे ऑफिस प्रोग्रॅम टेम्प शोधत. पुढे ३२-बिट विंडोजने आधी टीएमपी, नंतर टेम्प असा क्रम ठेवला. म्हणजे दोन्हींत वेगळे मार्ग असले, तर एकाच मशीनवर काही फायली इकडे आणि काही तिकडे साठत जातात. एकच नाव ठरवून टाकायला हवं होतं. ते झालं नाही, म्हणून दोन्ही नावं एकाच जागी वळवणं हाच पक्का उपाय (पहिली ओळ डिरेक्टरी नसेल तर ती बनवते):

इफ नॉट एक्झिस्ट सी:\टेम्प\नल एमडी सी:\टेम्प
सेट टेम्प=सी:\टेम्प
सेट टीएमपी=%टेम्प%

या ओळी विंडोज किंवा डॉसशेल (डॉसचा मेनूवाला प्रोग्रॅम) सुरू करणाऱ्या ओळीच्या आधीच हव्यात. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे स्पेस राहिली तर ती नावाचाच भाग होते, आणि ‘टेम्प’ शोधणाऱ्या प्रोग्रॅमला काहीच सापडत नाही. ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस तशीच मार्गाला चिकटते, आणि ती एडिटरमध्ये दिसतही नाही. शेवटी उलटा स्लॅशही देऊ नये, कारण पुष्कळ प्रोग्रॅम आपला स्लॅश स्वतःच जोडतात.

डॉस ५.० च्या सेटअपने मात्र ‘सेट टेम्प=सी:\डॉस’ अशी ओळ घालायला सुरुवात केली. ती डिरेक्टरी हमखास असते, एवढाच तिचा फायदा. अर्धवट राहिलेल्या फायली सिस्टिमच्या फायलींत मिसळतात, आणि साफसफाई करताना ‘डेल *.*’ (सगळ्या फायली पुसा) दिलं तर फॉरमॅट, एडिट, हायमेम (वाढीव मेमरीचा ड्रायव्हर) सगळंच जातं. ही निवड चुकीचीच होती. विंडोज ३.१ ने स्वतःची वेगळी टेम्प डिरेक्टरी केली, हे बरं झालं.

ओळी बरोबर असूनही मूल्य बसत नसेल तर सुरू होताना ‘आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस’ हा संदेश येऊन जातो का, ते बघावं. ५.० मध्ये एन्व्हायर्नमेंटला मुळात २५६ बाइट मिळतात, आणि लांबलचक पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या डिरेक्टरींची यादी) त्यातले बरेचसे खातो. कॉन्फिग.सिस या डॉसच्या सेटिंगच्या फायलीमध्ये ‘शेल=सी:\डॉस\कमांड.कॉम सी:\डॉस\ /ई:५१२ /पी’ घातलं की अडचण सुटते. ‘/पी’ विसरलं तर ऑटोएक्झेक.बॅट चालतच नाही.

वेगासाठी टेम्प रॅमड्राइव्हवर (मेमरीतच बनवलेल्या ड्राइव्हवर) नेण्याची पद्धतही याच काळातली. कॉन्फिग.सिसमध्ये हायमेमच्या ओळीनंतर ‘डिव्हाइस=सी:\डॉस\रॅमड्राइव्ह.सिस २०४८ /ई’ दिलं की २ एमबीची ड्राइव्ह मिळते. तिच्या रूटमध्ये मुळात ६४ नोंदीच मावतात, म्हणून दर बूटला तिथे उपडिरेक्टरी करून टेम्प तिकडे वळवावा लागतो. तरी छपाई असेल तर हा मार्ग टाळावा. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) पूर्ण पानाचा बिटमॅपच सुमारे १ एमबी होतो, आणि विंडोजचा प्रिंट मॅनेजर सगळी पानं टेम्पमध्येच साठवतो. दोन-तीन पानांत ड्राइव्ह भरते आणि छपाई मध्येच थांबते.

विंडोज ९५ मध्ये ऑटोएक्झेक.बॅट नसली तरी आयओ.सिस ही मशीन सुरू करणारी फाइल दोन्ही नावं विंडोजच्या टेम्पकडे वळवते. पण ऑटोएक्झेक.बॅट त्यानंतर चालते. तिच्यात जुनी ‘सेट टेम्प=सी:\डॉस’ ही एकटी ओळ राहिली असेल तर टेम्प डॉसमध्ये आणि टीएमपी विंडोजमध्ये, अशी फारकत होते. ‘सेट’ एवढंच टाइप केलं की दोन्ही मार्ग दिसतात.