टायरवरचं ते डोंगराचं चिन्ह आलं कुठून

डोंगरात जायचं म्हणून विंटर टायर बघताना साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) दिसलं की बरेच जण तिथेच थांबतात, आणि मला याची खरंच काळजी वाटते, कारण ती अक्षरं कंपनी स्वतःच्या भरवशावर छापते, त्यासाठी बर्फावरची कुठलीच टेस्ट पास व्हावी लागत नाही. टेस्ट पास झाल्यावरच मिळतं ते डोंगराचं चिन्ह, ते आलं कसं ते बघू.

आधी बर्फात चाकांना गुंडाळायच्या साखळ्याच असायच्या, अमेरिकेत हॅरी वीडने त्यांचं पेटंट १९०४ मध्ये घेतलं. खास बर्फासाठी टायर फिनलंडमध्ये बनला, आजच्या नोकियन टायर्सच्या मूळ कंपनीने १९३४ मध्ये ट्रकसाठी काढला आणि १९३६ मध्ये कारसाठी हाक्कापेलीट्टा आणला. तेव्हा सगळी मदार खोल खाचांवर होती. नंतर साठच्या दशकात खिळेवाले टायर जोरात चालले, गुळगुळीत बर्फावर ते जबरदस्त धरायचे, पण कोरडा रस्ता लागला की डांबर खरवडून काढायचे. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये ते बंद केले. जपानमध्ये तर रस्त्याची धूळ हवेत जाऊन लोकांना त्रास व्हायला लागला, तिथे १९९० मध्ये त्याविरुद्ध कायदाच झाला.

माझ्या मते या सगळ्यातला मोठा बदल खाचांचा नाहीच, रबराचा आहे. साधं उन्हाळी रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होत जातं, मग नक्षी कितीही चांगली असू दे पकड सुटते, म्हणून थंडीत मऊ राहणारी मिश्रणं आली, त्यात मिसळायची सिलिका पावडर आली, आणि १९८८ मध्ये ब्रिजस्टोनने ब्लिझॅक नावाचा टायर काढला ज्याच्या रबरात बारीक छिद्रं होती, बर्फावरचा पाण्याचा पातळ थर ती शोषून घेतात आणि घसरायला कारण तोच थर असतो.

आता हे सगळं ग्राहकाला बाहेरून दिसणार कसं? म्हणून १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या रबर उद्योगाने तीन शिखरं आणि आत हिमकण असं चिन्ह ठरवलं, दाबलेल्या बर्फावर तुलनेसाठी ठरवलेल्या रेफरन्स टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त ट्रॅक्शन, म्हणजे पकड, दिली तरच ते मिळतं. पण ती मूळ टेस्ट गाडी पुढे खेचण्याची आहे, उतारावर ब्रेक किती लागतो ते त्यात येत नाही, त्यामुळे घाट उतरायचा असेल तर ब्रेकिंगच्या वेगळ्या चाचण्याही बघाच.

कायदे यायला बराच वेळ लागला. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर नुसतं एम प्लस एस ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच चाललं, आणि फ्रान्सच्या ठरवून दिलेल्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर २०२४ पासून हिवाळ्यात चारही टायरवर हे चिन्ह लागतं, नाहीतर डिकीत साखळ्या ठेवाव्या लागतात.