वेग आपोआप वाढला की पायलटच्या पोटात गोळा का येतो

विमान लँडिंगला येतंय, जमीन जेमतेम तीनशे मीटर खाली, पायलटने वेग 140 नॉटवर म्हणजे ताशी साधारण 260 किलोमीटरवर आणून ठेवलाय, आणि कोणी काहीही न करता आकडा 150, 158, 165 असा चढायला लागतो. आपल्याला वाटेल बरंच झालं की, वेग जास्त तेवढं विमान सेफ. पण पायलटच्या पोटात नेमका इथेच गोळा येतो, कारण हा वेग इंजिनाने कमावलेला नसतो, वाऱ्याने उसना दिलेला असतो, आणि वारा तो पुढच्या वीसेक सेकंदांत व्याजासकट वसूल करतो.

थोड्याशा अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा झटकन बदलली की त्याला विंडशिअर म्हणतात, व्याख्या एवढीच आहे. उंचावर तो झाला तर धक्के बसतात, चहा सांडतो, विषय संपला. खाली, लँडिंगच्या वेळी झाला तर मात्र सावरायला उंचीच शिल्लक नसते.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची, की विमानाच्या पंखाला जमिनीशी काही घेणंदेणं नसतं, त्याला फक्त अंगावरून किती जोरात हवा जातेय तेवढं कळतं. विमानाचं वजन टनावारी, त्यामुळे जमिनीच्या हिशोबातला त्याचा वेग काही एका क्षणात बदलत नाही, पण वारा बदलतो ना. समजा शांत हवेत 140 ने चाललंय, समोरून 25 नॉटचा वारा आला की पंखाला वाटतं आपण 165 ने चाललोय, विमान वर उचललं जातं, ठरलेल्या उताराच्या रेषेच्या वर जातं. मग पायलट (किंवा ऑटोपायलट) काय करणार, पॉवर कमी करणार आणि नाक खाली घालणार, शांत दिवशी हेच बरोबर असतं. आणि तेवढ्यात समोरचा वारा गायब होऊन पाठीमागून 25 नॉटचा सुरू होतो, आता पंखाला मिळतात फक्त 115. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे 140 चे 115 झाले की बाकी सगळं तसंच ठेवलं तर उचल जवळजवळ एक तृतीयांश गेली, वर पॉवर आपणच कमी करून बसलोय, आणि जेट इंजिन काही स्कूटर नाही, अगदी खालच्या पॉवरवरून पूर्ण जोर यायला त्याला सात-आठ सेकंद लागू शकतात. तीनशे मीटर उंचीवर सात-आठ सेकंद ही फार मोठी रक्कम आहे.

असा दोन तोंडांचा वारा येतो कुठून? वादळी ढगातून. ढगातला पाऊस खाली पडताना कोरड्या हवेत शिरतो, थेंबांची वाफ होते, वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा थंड होते (ओल्या अंगाने पंख्याखाली उभं राहिलं की काय होतं तेच), थंड हवा जड, ती धाडकन खाली येते. बादलीभर पाणी फरशीवर ओतलं की कसं चारी बाजूंना पसरतं, तशी ती जमिनीवर आपटून सगळीकडे पांगते. तिच्यातून सरळ उडत जाणाऱ्या विमानाला म्हणून आधी समोरचा वारा, मधे डोक्यावरून दाबणारी हवा, आणि शेवटी पाठीमागचा वारा, असं त्याच क्रमाने मिळतं. याला मायक्रोबर्स्ट म्हणतात, पसारा 4 किलोमीटरच्या आत आणि आयुष्य बहुतेकदा पंधरा मिनिटांच्या आत. कधी कधी तर पाऊस जमिनीपर्यंत पोचतच नाही, वरच सुकतो, खाली सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि हवा मात्र कोसळत असते. मला तरी हा प्रकार जास्त भीतीदायक वाटतो.

हे सगळं आज माहितीये, पण 1975 पर्यंत कुणाला नीट माहीत नव्हतं. त्या वर्षी 24 जूनला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर ईस्टर्न एअरलाइन्सची फ्लाइट 66 उतरताना कोसळली, 113 माणसं गेली. आधी उतरलेल्या एका पायलटने रेडिओवर जमिनीजवळच्या वाऱ्याबद्दल बजावलंही होतं आणि आणखी एका विमानाने लँडिंग सोडून दिलं होतं. तपासात शिकागो विद्यापीठातले टेत्सुया फुजिता आले, टॉर्नेडोचा जोर मोजायच्या एफ-स्केलवाले तेच. 1945 मध्ये बॉम्ब पडल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांनी नागासाकी आणि हिरोशिमाला जाऊन पाहणी केली होती, तिथे झाडं एका बिंदूपासून बाहेरच्या दिशेने आडवी झालेली त्यांनी पाहिली. 1974 च्या टॉर्नेडोंनंतर अमेरिकेत विमानातून जंगल बघताना तीच चांदणीसारखी नक्षी दिसली, आणि टॉर्नेडो तर झाडं गोल फिरवून पाडतो, मग हे काय? वरून खाली आपटलेली हवा, असं त्यांचं उत्तर. बरेच हवामानवाले तेव्हा मानायला तयार नव्हते, 1978 मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडार (थेंब जवळ येतायत की लांब जातायत हेही सांगणारं) लावून मोजमाप केल्यावर गप्प झाले.

तरी शिक्षण स्वस्तात झालं नाही. 2 ऑगस्ट 1985, डॅलस, डेल्टा एअरलाइन्सची फ्लाइट 191. पुढे ढगात वीज चमकलेली कॉकपिटमधून दिसली होती, तरी विमान त्या पावसात शिरलं. वेग आपोआप 173 नॉटपर्यंत चढला, कॅप्टनने ओळखलं, को-पायलटला सांगितलंही की हा वेग आता एकदम जाईल, आणि दहाएक सेकंदांत तो 133 वर आला. ओळखूनही सुटता आलं नाही, 137 जण गेले. माझ्या मते या विषयातली सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट हीच आहे, की आत शिरल्यावर शहाणपण सुचून फार उपयोग होत नाही.

म्हणून पुढचा सगळा भर आत न शिरण्यावर. विमानतळाभोवती वारा मोजणारे खांब, डॉप्लर रडार, आणि आता विमानाच्या नाकातलंच रडार समोरचे थेंब आपल्याकडे येतायत की लांब जातायत ते बघतं, जवळचे येतायत आणि पलीकडचे लांब पळतायत असं दिसलं की कॉकपिटमध्ये आवाज येतो, ‘गो अराउंड, विंडशिअर अहेड’. दहा सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत आधी कळतं. तेवढं पुरतं.

आणि तरीही सापडलंच तर? पूर्ण पॉवर, नाक वर, बोइंगमध्ये साधारण 15 अंश आणि एअरबसमध्ये 17.5, आणि चाकं तशीच बाहेर ठेवायची. हे उलटं वाटतं ना, चाकं आत घेतली तर हवेचा अडथळा कमी होईल. पण बऱ्याच विमानांत चाकं आत जाताना त्यांची दारं आधी उघडतात आणि काही सेकंद अडथळा उलट वाढतो, शिवाय जमिनीला टेकलोच तर चाकांवर टेकलेलं बरं. आत बसलेल्यांना फक्त इंजिनं किंचाळतात, सीट मागे दाबली जाते आणि जवळ आलेला रनवे पुन्हा लांब जातो, मग कोणीतरी कुरकुरतं की आता कनेक्शन चुकणार. पायलट त्याच वेळी टॉवरला सांगत असतो की कुठल्या उंचीवर किती नॉट गेले, कारण मागचं विमान त्याच रेषेवर येतंय, आणि वीसेक मिनिटांनी परत फिरून यावं तर बहुतेकदा त्याच रनवेवर फक्त ओली डांबरी आणि साधा वारा असतो.