दाबून धरलेली बेल

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचला की उपचाराची सुरुवात बहुतेकदा एका इंजेक्शनने होते. महिन्याने, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी एकदा. गंमत अशी की, हे औषध कॅन्सरच्या पेशीला हातही लावत नाही. त्याचा निशाणा असतो मेंदूच्या तळाशी बसलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी.

या कॅन्सरला वाढायला टेस्टोस्टेरॉन हे मुख्यतः वृषणांत बनणारं पुरुषी हार्मोन लागतं. चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदाने क्लॅरेन्स हॉजेसबरोबर 1941 मध्ये दाखवून दिलं, की वृषणं काढली तर पसरलेला आजारही मागे हटतो. त्यासाठी हगिन्सना 1966 मध्ये नोबेल मिळालं. ती शस्त्रक्रिया आजही होते, पण इंजेक्शनने तेच काम सुरीशिवाय साधतं. कसं, ते पाहण्यासारखं आहे.

वृषणांना कामाला लावण्यासाठी मेंदू पीयूषिकेला दर दीड-दोन तासांनी, थांबत थांबत एक रासायनिक निरोप धाडतो. ल्युप्रोलाइडसारखं औषध तोच निरोप अखंड देत राहतं. दाराची बेल कुणी दाबूनच धरली, तर घरातले आधी धावत येतात आणि मग वैतागून बेलची वायरच काढतात. पीयूषिकाही निरोप घेणारी आपली ग्राहके पेशीच्या आत ओढून घेते. तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन जवळपास तळाला जातं. मला तरी ही वैद्यकातली सगळ्यात खट्याळ युक्ती वाटते.

‘आधी धावत येतात’ हा भाग मात्र विसरू नये. पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, हाडं जास्त दुखू शकतात. म्हणून सुरुवातीला, टेस्टोस्टेरॉनला कॅन्सरच्या पेशीत काम करू न देणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या जोडीला देतात. डेगारेलिक्स हे दुसऱ्या जातीचं इंजेक्शन बेल वाजूच देत नाही, त्यामुळे त्यात ही उसळी येत नाही.

टेस्टोस्टेरॉन फक्त गाठीच्या कामाचं असतं तर प्रश्न मिटला असता. ते गेलं की मेंदूतला तापमानाचा पहारेकरी हळवा होतो. अंग किंचित तापलं तरी त्याला फार वाटतं आणि तो घाम सोडतो. रात्री दोन वाजता चादर लाथाडायची, मान पुसायची आणि पाच मिनिटांत कुडकुडत तीच चादर शोधायची. रजोनिवृत्तीतून गेलेल्या बायकोला हे सांगावं लागत नाही. कामेच्छा जाते, थकवा येतो, मूड ढासळतो. वजनकाट्यावर फारसा फरक नसतो, पण दंड बारीक होतात आणि पट्ट्याचं भोक पुढे सरकतं.

हाडांचं गणित तर आणखी तिरकं. पुरुषांची हाडं टिकवण्यात मोठा वाटा इस्ट्रोजेनचा असतो आणि ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं. कच्चा माल बंद, म्हणून हाडं विरळ होतात. वजन उचलण्याचा व्यायाम इथे औषधाच्या तोडीचा समजावा, मात्र हाडात कुठे गाठी आहेत ते डॉक्टरांना विचारून. हाडं जपणारं डेनोसुमॅब किंवा झोलेड्रॉनिक ॲसिड सुरू करण्याआधी दात दाखवून घ्यावेत, कारण त्या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित प्रसंगी जबड्याचं हाड भरूनच येत नाही.

काही महिन्यांनी, काहींच्या बाबतीत कितीतरी वर्षांनी, पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाचा, आकडा पुन्हा चढू लागतो. पेशी उपासमारीला सरावलेली असते. ती हार्मोन पकडणारी ग्राहके वाढवते, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून येणाऱ्या थोडक्या मालावर भागवते, प्रसंगी स्वतःच हार्मोन तयार करते. ॲबिराटेरॉन हे औषध हार्मोनचे हे सगळे कारखाने एकदम बंद करतं. पण त्यात शरीराचं कॉर्टिसॉलही घटतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. सोबत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी असते ती यासाठी. ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून ती परस्पर बंद करणारे बरेच असतात. हल्ली ॲबिराटेरॉनसारखी औषधं आकडा चढायची वाट न पाहता सुरुवातीलाच इंजेक्शनच्या जोडीला देतात. आकडा चढला तरी इंजेक्शन सहसा चालूच ठेवतात, कारण बाकीच्या पेशी अजून टेस्टोस्टेरॉनच्याच आशेवर असतात.

एका गोष्टीला मात्र पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही. पाठीत नवी, वाढती कळ, त्यात पाय जड पडणं किंवा लघवी अडणं. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत असू शकते आणि चालण्याची ताकद वाचवायला हातात काही तासच असतात. शुक्रवारी रात्री असं झालं तर शुक्रवारी रात्रीच इमर्जन्सीत जायचं.