मॉडेल पाणबुडीतली हवेची पिशवी: हवा आतलीच की बरोबर नेलेली?

पिशवीच्या जोरावर बुडायचं आणि वर यायचं, ही कल्पना जुनी आहे. १७व्या शतकाच्या अखेरीस इटलीत छापलेल्या एका आराखड्यात बकऱ्याच्या कातडी पिशव्यांत पाणी घ्यायचं आणि वर येताना त्या दाबून रिकाम्या करायच्या, अशी योजना होती. खऱ्या पाणबुड्यांनी पुढे पोलादी टाक्या पत्करल्या. पिशवी परतली ती हौशी मंडळींच्या मॉडेलमध्ये.

टाकी नसलेली मॉडेल्स कायम थोडी हलकी ठेवतात आणि वेगात असताना डायव्ह प्लेन (बाजूचे आडवे पंख) वळवून खाली नेतात. पण उभ्या जागी बुडायचं तर बलास्ट, म्हणजे वजन किंवा तरंगशक्ती कमी-जास्त करायची सोय, हवंच. त्यासाठी दट्ट्याने पाणी आत-बाहेर करणाऱ्या पिस्टन टाक्या आल्या, गॅसच्या कॅनवर चालणाऱ्या टाक्या आल्या आणि हवेची पिशवीही आली. पाण्याला मोकळ्या असलेल्या भागात पिशवी बसवायची, बंद हलमधलीच (पाणी न शिरणाऱ्या कवचातलीच) हवा पंपाने तिच्यात भरायची, की पिशवी फुगून बोट वर येते. व्हॉल्व्ह उघडला की तीच हवा परत आत, आणि बोट बुडते. रक्तदाब मोजायच्या पट्ट्यातली रबरी पिशवी या कामाला अनेकांनी वापरली.

खरा वाद इथेच आहे. हवा हलमधूनच उसनी घ्यायची, की गॅस बरोबर न्यायचा? गॅसवाल्यांचा मुद्दा वजनदार आहे: बॅटरी दमली तरी व्हॉल्व्ह उघडण्यापुरती वीज मिळाली की बोट वर येते. पिशवीला मात्र पंप चालावा लागतो. पण गॅस संपतो, आणि प्रत्येक वेळी वर येताना तो खर्च होतो. आतली हवा संपत नाही, म्हणून बॅटरी टिकेल तितक्या वेळा बुडी मारता येते. रोजच्या वापराला माझ्या मते हेच मोलाचं.

त्याची किंमत मात्र नीट समजून घ्यायला हवी. हलमध्ये ३ लिटर हवा असेल आणि त्यातली ३०० मिलिलिटर पिशवीत गेली, तर आतला दाब सुमारे १० टक्के घटतो. म्हणजे बोट पृष्ठभागावर असतानाच सील साधारण १ मीटर खोलीइतका ताण सोसतात. गळती अनेकदा सुरू होते ती बोट वर, सुरक्षित दिसत असताना. आणि झाकण लावताना पिशवी रिकामीच हवी. ती भरलेली असताना हल बंद केला, तर आत ओढ राहत नाही, व्हॉल्व्ह उघडूनही पिशवी नीट रिकामी होत नाही आणि बोट बुडायला नकार देते.

अर्धवट भरलेली पिशवी खोलीवर दबते, तरंगशक्ती घटते, बोट आणखी खाली जाते. पिस्टन टाकीला हा त्रास नाही. स्थिर तरंगत ठेवायला तीच बरी.

अलीकडे बोट चालवायच्या रेडिओ-रिमोटनेही या वादात भर घातली. २.४ गिगाहर्ट्झचे सेट पाण्याखाली जवळपास निकामी ठरतात, म्हणून जुने ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झचे सेट जपून ठेवले जातात. सिग्नल तुटताच फेलसेफने (आपोआप चालू होणाऱ्या सुरक्षा-सोयीने) पंप सुरू व्हायला हवा. पंपावर पूर्ण भरवसा नसलेले काही जण पिशवीच्या जोडीला आणीबाणीपुरता छोटा गॅसचा कॅन बसवतात.