गोठ्याला जोडलेली घरं: न्यूबर्गथालची पार्श्वभूमी

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, आल्टोनाजवळ, न्यूबर्गथाल नावाचं एक खेडं आहे. एकच लांबलचक रस्ता, दुतर्फा कॉटनवूडची उंच झाडं आणि त्यांच्या आड लाकडी घरं. त्यांतल्या काही घरांना मागून गोठा जोडलेला आहे, म्हणजे घराबाहेर पाऊल न टाकता गुरांपाशी जाता येतं. १९८९ साली कॅनडा सरकारनं हे अख्खं गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवलं.

ही घरं बांधणारे मेनोनाइट लोक. सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेतून निघालेला हा पंथ. बाप्तिस्मा घ्यायचा तो कळत्या वयात, शपथ घ्यायची नाही आणि शस्त्राला हात लावायचा नाही, ही त्यांची शिकवण. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड भागातल्या मेनो सिमन्स या कॅथलिक धर्मगुरूनं १५३६ मध्ये आपलं चर्च सोडलं आणि पुढं त्याच्याच नावानं हे लोक ओळखले जाऊ लागले. नेदरलँड्समध्ये छळ सुरू झाला, तसे त्यांच्यातले अनेकजण डान्झिगजवळच्या (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) व्हिस्तुला नदीच्या मुखाकडं सरकले. ती जमीन सखल, दलदलीची. बांध घालून, चर खणून पाणी काढायचं कसब यांच्या हातात होतं, म्हणून जमीनमालकांनी त्यांना ठेवून घेतलं.

गोठा आणि घर एकाच छपराखाली आणायची रीत त्यांनी याच प्रदेशातून पुढं नेली. ओल्या मुलखात कोरडी, उंचवट्याची जागा थोडी, त्यामुळं सगळा संसार एका रांगेत बसवणं सोयीचं. धोका एकच, आगीचा. गवत भरलेल्या गोठ्यात ठिणगी पडली की घरही गेलंच. त्यावर त्यांनी १६२३ मध्येच आपसात व्यवस्था लावली: कुणाचं घर जळालं तर बाकीच्यांनी मिळून भरपाई द्यायची. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पुढं हा मुलूख प्रशिया या जर्मन राज्याकडं गेला आणि तिथं सैन्यसेवा नाकारणाऱ्यांना नवी जमीन घेणं अवघड झालं. रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीनं परदेशी शेतकऱ्यांना बोलावलं होतंच. १७८९ मध्ये नीपर नदीकाठी खोर्तित्सा आणि १८०४ मध्ये मोलोच्ना, अशा वसाहती आजच्या युक्रेनमध्ये उभ्या राहिल्या. घराचा नकाशा त्यांच्यासोबत तिथंही गेला. मोलोच्नात योहान कॉर्नीस नावाच्या करड्या शिस्तीच्या पुढाऱ्यानं झाडं लावण्यापासून घरांच्या मांडणीपर्यंत सगळ्याला वळण लावलं.

१८७४ मध्ये रशियात सक्तीची सैन्यभरती आली आणि पुन्हा गाठोडी बांधली गेली. १८७४ ते १८८० या काळात सुमारे ७,००० माणसं मॅनिटोबात आली. पहिला हिवाळा कित्येकांनी जमिनीत अर्ध्या खणलेल्या आणि वरून गवताच्या ढेपांनी झाकलेल्या खोपट्यांत काढला. मग लाकूड जमेल तशी घरं उभी राहिली.

आत शिरलं की मधोमध विटांची मोठी भट्टी. तिच्या भिंतींना लागून आजूबाजूच्या खोल्या, त्यामुळं एका जाळात सगळ्यांना ऊब मिळायची. माळरानावर झाडं कमी, म्हणून जळणाला पेंढा आणि शेणाच्या वाळवलेल्या विटा. गोवऱ्या थापलेल्या आजीला हे सांगायची गरज पडणार नाही. मोठ्या खोलीत, म्हणजे ‘ग्रोटे श्टोव’मध्ये, पाहुण्यांची ऊठबस. तिथं लंबकाचं घड्याळ, रात्री ओढून बिछाना होणारा बाक आणि कापडचोपड ठेवायची भक्कम पेटी. रशियातून येताना कुटुंबांनी अशा पेट्या बोटीवर घातल्या होत्या. बायकांनी लाकडी फरशीवर रंगानं नक्ष्या काढल्या. पुढं त्यांच्यावर लिनोलियम, म्हणजे जमिनीवर अंथरायचं मेणकापडासारखं जाड आवरण, अंथरलं गेलं आणि खालचे रंग वाचले.

मेनोनाइटांची गावं मोडली ती जमिनीच्या कागदांमुळं. सरकार प्रत्येकाला १६० एकरांचा वेगळा तुकडा त्याच्या नावावर द्यायचं. मेनोनाइट तो कागदावर घेत, पण प्रत्यक्षात जमीन एकत्र करून पट्ट्यांत वाटत आणि घरं मात्र एका रस्त्यावर बांधत. अशी शंभराच्या आसपास गावं बसली. पण हा करार आपसातला होता. कुणी उठून ‘माझे १६० एकर मला द्या’ म्हटलं की कायदा त्याच्या बाजूनं. तसं होत गेलं. माणसं आपापल्या शेतावर राहायला गेली, तिथं घर वेगळं आणि गोठा वेगळा. १९१६ मध्ये शाळांतून इंग्रजीची सक्ती झाल्यावर हजारो लोक १९२२ पासून मेक्सिकोला आणि नंतर पॅराग्वेला गेले, ते राहती घरं विकून.

न्यूबर्गथालची मूळ कुटुंबं एकमेकांच्या नात्यातली होती. ती रस्ता सोडून गेली नाहीत. तिथल्या फ्रीझन कुटुंबाच्या गोठाघरात आज माहिती केंद्र आहे, आणि गावातल्या जुन्या घरांत लिनोलियम उचकटून फरशीवरच्या त्या नक्ष्या पुन्हा उजेडात आणल्या जात आहेत.