केमिकलचा माल हॅझ (धोकादायक) की नॉन-हॅझ? परत आलेल्या पार्सलवाल्यांनी आधी हे वाचा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींमधून माल पाठवणारे दर आठवड्याला तोच प्रश्न विचारतात, "आमचं तर साधं क्लीनर आहे हो, मग कार्गोवाल्याने परत का पाठवलं?" साधं आहे, घरात वापरतात, वास येत नाही, वीस वर्षं विकतोय, यातलं काहीच तिथे चालत नाही. तिथे आकडे बघतात, आणि तेही तुमच्या त्या मालाचे.

पहिली गोष्ट म्हणजे नॉन-हॅझचं सर्टिफिकेट देणारं सरकारी ऑफिस शोधत फिरू नका. तसं ऑफिस नाही. स्फोटकं वगैरे असतील तर नागपूरच्या पेसोकडे, म्हणजे स्फोटकांचं काम बघणाऱ्या केंद्राच्या खात्याकडे जावं लागतं, पण एरवी माल धोक्याच्या कुठल्या क्लासमध्ये (वर्गात) बसतो हे ठरवायची जबाबदारी शिपरची, म्हणजे तुमचीच. सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) नाही, फॉरवर्डर (वाहतूक ठरवून देणारा) नाही, कुरिअरचा पोरगा तर नाहीच नाही. लेटरहेडवर सही-शिक्का मारून "माल धोकादायक नाही" असं जे लिहून देता ना, ते तुम्ही स्वतःच्या जोखमीवर देता, आणि लोक ते एजंटने पाठवलेल्या नमुन्यातलं नाव बदलून देतात!

आता एमएसडीएस, म्हणजे मालाची सुरक्षा माहिती देणारा कागद. यात १६ सेक्शन असतात आणि कार्गोवाला आधी १४ वा उघडतो, ट्रान्सपोर्टची माहिती तिथे असते. यूएन नंबर (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), शिपिंग नेम (नियमातलं अधिकृत नाव), क्लास, पॅकिंग ग्रुप (धोका किती ते, एक म्हणजे सगळ्यात जास्त, तीन म्हणजे सगळ्यात कमी). निम्म्या लोकांचा सेक्शन १४ रिकामा असतो नाहीतर "लागू नाही" एवढंच लिहिलेलं, आणि ते रोडसाठी की समुद्रासाठी की विमानासाठी याचा पत्ता नाही. विमानाला आयएटीए या विमान कंपन्यांच्या संघटनेचे नियम, समुद्राला आयएमडीजी कोड, म्हणजे जहाजाने धोकादायक माल नेण्याचे नियम, दोन्हींचं स्वतंत्र लिहिलेलं पाहिजे. आणि एमएसडीएस तुमच्या मालाचाच पाहिजे. कच्चा माल ज्याच्याकडून घेतला त्याचा एमएसडीएस जोडून देतात लोक, अहो, तुम्ही त्यात तीन गोष्टी मिसळल्या की तो माल वेगळा झाला.

सगळ्यात जास्त माल अडकतो तो फ्लॅश पॉइंटवर, म्हणजे ज्या तापमानाला पदार्थाची वाफ पेट घेऊ शकते त्यावर. पातळ पदार्थाचा फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असेल तर तो क्लास ३, ज्वलनशील. पण हे ६० म्हणजे क्लोज्ड कपचे, झाकण बंद ठेवून मोजलेले ६०. मागे एकांच्या डिग्रीझरचा (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाचा) रिपोर्ट बघितला, ६४ लिहिलेलं, सगळे खूश, लेटरहेड तयार. खाली बारीक अक्षरात "ओपन कप". उघड्या भांड्यात वाफ उडून जाते म्हणून आकडा जास्त येतो, झाकण बंद असलं की वाफ आत कोंडते आणि कमी तापमानालाच भडका घेते. तोच नमुना परत क्लोज्ड कपने तपासून घेतला तर आला ५७. म्हणजे क्लास ३, पॅकिंग ग्रुप तीन, आणि डबे तर साध्या खोक्यात भरून गाडीत चढवलेले. शेवटी कसारा घाटाच्या अलीकडून गाडी माघारी बोलावली. तेव्हा लॅबला नमुना देताना चिठ्ठीवर "क्लोज्ड कप" असं ठळक लिहा आणि एनएबीएल या लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली लॅब बघा. फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली आला तर पॅकिंग ग्रुप दोन, आणि उकळायला ३५ अंशाला किंवा त्याआधीच लागत असेल तर थेट ग्रुप एक.

दुसरी गफलत लेबलची. डब्यावर लाल चौकटीतलं उद्गारचिन्ह आहे म्हणून घाबरून माल हॅझ म्हणून बुक केला, चौपट भाडं भरलं, असेही लोक आहेत. ते लेबल माल वापरणाऱ्यासाठी असतं, वाहतुकीची मोजपट्टी वेगळी. तोंडावाटे विषारीपणाचा आकडा, ज्याला एलडी ५० म्हणतात (निम्मे प्राणी मरतात तो डोस, आकडा जितका कमी तितकं विष जास्त), तो शरीराच्या वजनाच्या किलोला ३०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तरच वाहतुकीत क्लास ६.१ (विषारी) लागतो. तुमचा ९०० असेल तर डब्यावर "हानिकारक" येईल, पण त्या एका कारणाने माल डीजी (वाहतुकीत धोकादायक) होत नाही. मेलेल्या माशाचं, म्हणजे पर्यावरणाला घातक असल्याचं चित्र असेल तर मात्र थांबा, तो माल क्लास ९ (इतर धोके) मध्ये जाऊ शकतो, द्रव असेल तर यूएन ३०८२, घन असेल तर ३०७७. त्यातही आतलं एकेक पॅकिंग ५ लिटर किंवा ५ किलोपर्यंतच असेल आणि दुसरा कुठला धोका नसेल तर सूट आहे, फक्त ती सूट कागदावर लिहून दाखवलेली बरी.

टक्केवारी आणि रूप, ही तिसरी अडचण. हायड्रोजन पेरॉक्साइड ८ टक्क्यांच्या खाली असेल तर सुटलं, ८ ते २० च्या आत यूएन २९८४, २० पासून ६० पर्यंत यूएन २०१४, आणि लोक एमएसडीएसमध्ये "३ ते ३५ टक्के" असं लिहून मोकळे! त्या एका ओळीत तीन वेगळे माल बसतात. नेमका आकडा लिहा. भुरी रोगासाठी द्राक्षाला मारतो ते गंधक घ्या, भुकटी असेल तर यूएन १३५०, क्लास ४.१ (ज्वलनशील घन), आणि तेच गंधक दाणेदार किंवा गोळीच्या रूपात असेल तर नियमातून बाहेर. आणि आपली नाशिकची वाईन, तिच्यात अल्कोहोल २४ टक्क्यांच्या आत म्हणून ती डीजी नाही. ब्रँडी त्याच्या वर जाते, पण ७० टक्क्यांपर्यंत असेल आणि बाटली ५ लिटरपर्यंतची असेल तर विमानाने तिलाही सूट.

आम्ल-अल्कलीवाल्यांनी फक्त कातडीचा विचार करू नये. ५५ अंशाला पोलाद किंवा अॅल्युमिनियम वर्षाला ६.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त खात असेल तरी तो क्लास ८ (गंजवणारा), हाताला काही होत नसलं तरी.

माल हॅझ निघाला तर घाबरायचं काही नाही, कागद वाढतात एवढंच. विमानासाठी लाल तिरप्या पट्ट्यांच्या कडेचं शिपर्स डिक्लेरेशन, दोन प्रती. यूएन मार्क असलेलं (चाचणी पास झालेलं) पॅकिंग, त्याचं सर्टिफिकेट अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगकडून मिळतं. समुद्रासाठी डीजी डिक्लेरेशन आणि कंटेनर पॅकिंग सर्टिफिकेट. न्हावा शेवा बंदरापर्यंतच्या गाडीला ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं), मागे-बाजूला इमर्जन्सी पॅनल (धोक्याची माहिती लिहिलेली पाटी), आणि ड्रायव्हरचं धोकादायक मालाचं ट्रेनिंग झालेलं हवं, ते आदल्या रात्री आठवून उपयोग नाही. शिपिंग नेममध्ये ब्रँडचं नाव चालत नाही. यूएन १९९३ (ज्वलनशील द्रव) सारखं "इतरत्र न नोंदलेलं" प्रकारातलं नाव वापरलं तर त्यात नक्की कुठलं रसायन आहे ते पुढे लिहावंच लागतं, फॉर्म्युला चोरीला जाईल म्हणून ते गाळलं की कागद परत.

तारखांचं सांगतो, कारण इथे शहाणे लोकही फसतात. आयएटीएचं पुस्तक दर १ जानेवारीला बदलतं. डिसेंबरात पॅक केलं, कागद केले, आणि माल काउंटरला ३ जानेवारीला पोचला तर नवीन पुस्तक लागणार, पॅक केल्याची तारीख कोणी विचारत नाही. आयएमडीजी दोन वर्षांनी बदलतो, ४२-२४ ही दुरुस्ती १ जानेवारी २०२५ पासून ऐच्छिक होती, १ जानेवारी २०२६ पासून सक्तीची. आणि विमानाच्या डिक्लेरेशनवर सही करणाऱ्याचं ट्रेनिंग २४ महिन्यांत परत झालेलं हवं. सर्टिफिकेट फाइलला लावून विसरून जातात आणि नेमकं तेच काउंटरवर मागतात.

रिकामे ड्रम परत पाठवणाऱ्यांनीही हे बघा. आत थेंबभर उरलं असेल, वाफ असेल आणि धुतलेला नसेल तर तो भरलेल्या ड्रमसारखाच धरतात, जुनं लेबल तसंच ठेवायचं. आणि धुऊन कोरडा केला असेल तर ते लेबल खरवडून काढा, नाहीतर रिकामा स्वच्छ ड्रमसुद्धा हॅझ म्हणून अडवतात, मग तो धुतला होता हे पटवत बसावं लागतं.